बिनगुराख्याचं रान

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधलं ह्यूएन्डन मागे पडून तासभर झाला असेल. मागची कॅरॅव्हॅन जरा हेलकावे खातेय असं नवऱ्याला वाटलं, म्हणून रस्त्याच्या कडेला थांबलो. तो चाकांतली हवा बघत होता, मी पाय मोकळे करत होते आणि आबा, माझे वडील, तारेच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहिले होते. पलीकडे पंधरावीस जनावरं एका झाडाच्या तुटपुंज्या सावलीत अंग चोरून उभी. हवा बघून झाली, कडी-साखळी तपासून झाली, आम्ही निघायच्या बेतात. पण आबा हलेनात. हाक मारली तर मागे न बघता म्हणाले, “थांब की वाईच. गुराखी झाडाखाली आडवा झाला असंल. उठला की रामराम करतो, मग जाऊ.”

मी म्हटलं, “आबा, इथे गुराखी नसतो.”

“नसतो म्हंजे? मग ह्यास्नी राखतंय कोण?”

“कुणी नाही. मोकळीच असतात.”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जनावरांकडे, आणि गाडीत येऊन बसले. रिचमंड येईपर्यंत अवाक्षर नाही. माझं उत्तर तसं खोटं नव्हतं, पण ते उत्तरच नव्हतं, हे मलाही कळत होतं. इतकी वर्षं क्वीन्सलँडमध्ये राहून, इथलं दूध-लोणी खाऊन, हा साधा प्रश्न मला कधी पडलेला नव्हता. लाखो जनावरं आणि माणूस दिसत नाही. मग राखतंय कोण?

आई गेल्यानंतर आबा पहिल्यांदाच आमच्याकडे ब्रिस्बेनला आले होते. कृष्णाकाठचा माणूस, सांगलीपासून फार लांब नाही असं आमचं गाव, दारात जनावरं, मागे ऊस. शहरात त्यांचा जीव रमेना. शेजारी शनिवारी लॉन कापायचा आणि ते हिरवंगार गवत कौन्सिलच्या हिरव्या झाकणाच्या डब्यात भरून टाकायचा, हे बघून तर ते अस्वस्थच व्हायचे. “एका म्हशीची वैरण हाय रोजची,” असं दर शनिवारी न चुकता म्हणायचे. शेवटी नवरा म्हणाला, यांना गुरांचा मुलूख दाखवू. जुलैचे कोरडे, थंड दिवस होते. टाउन्सव्हिलला भाड्याची कॅरॅव्हॅन घेतली, गाडीला जोडली आणि तोंड पश्चिमेला केलं. फ्लिंडर्स हायवेने क्लॉनकरी, तिथून माउंट आयझा, पुढे बार्कली हायवे धरून थेट नॉर्दर्न टेरिटरीत.

कॅरॅव्हॅनबद्दल आबांचं मत पहिल्याच संध्याकाळी तयार झालं आणि शेवटपर्यंत बदललं नाही. शेगडीपासून हातभर अंतरावर संडास. “जिथं भाकरी थापायची तिथंच ह्ये?” असं म्हणून त्यांनी त्या दाराकडे पाठ फिरवली ती फिरवलीच, रात्री-अपरात्री टॉर्च घेऊन कॅरॅव्हॅन पार्कच्या सार्वजनिक बाथरूमकडे निघायचे. बाकी त्यांना आवडलं. दुपारी चार वाजता घडीच्या खुर्च्या मांडून, पायावर पाय टाकून सूर्याकडे तोंड करून बसणारी निवृत्त जोडपी त्यांना फार गमतीची वाटायची. घरं विकून किंवा भाड्याने देऊन वर्ष-वर्ष रस्त्यावर राहणारी ही मंडळी. इथे त्यांना ग्रे नोमॅड म्हणतात. आबांनी त्यांचं निरीक्षण करून एकच शंका काढली, “ह्यांची पोरं कुठं असत्यात?” मी उत्तर दिलं नाही. माझे वडील गावी एकटे राहतात आणि मी ब्रिस्बेनला.

या सपाटीबद्दल काय सांगावं? माळ म्हणावं तर दगड नाही, पठार म्हणावं तर कडा नाही. रस्ता सरळ, इतका सरळ की स्टिअरिंगवरचा हात झोपतो. समोरून गाडी येतेय हे आधी चकाकीवरून कळतं, मग तिचा ठिपका होतो, मग बराच वेळ तो ठिपकाच राहतो आणि अचानक ती शेजारून निघून जाते. जाताना चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तेवढाच नमस्कार. आबांनी तो लगेच उचलला, आणि पुढच्या सीटवर बसून, हातात स्टिअरिंग नसताना, गुडघ्यावरचं बोट उचलून प्रत्येकाला परत करू लागले. रस्त्याच्या कडेला मेलेले कांगारू, त्यांच्यावर घारी, आणि काच खाली केली की आधी वाळलेल्या गवताचा गोडसर वास, मग त्यात मिसळलेला कुजका. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, हा इथला पहिला नियम. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात आणि कुंपण नसलेल्या भागात गाई-बैल डांबराच्या उबेला येऊन बसतात.

मला ही सपाटी सुरुवातीला सहन झाली नाही, हे कबूल करते. डोळ्याला टेकायला जागा नाही. नवऱ्याला ती आवडते, तो म्हणतो इथे डोकं रिकामं होतं. माझं उलट झालं. काही दिसत नसलं की मला नको त्या गोष्टी आठवतात.

आबांना मात्र इथे रिकामं असं काही दिसतच नव्हतं. रिचमंडच्या पुढे एका विश्रांतीच्या जागी ते उकिडवे बसले, ढेकूळ उचललं, चिमटीत दाबलं, थुंकी लावून मळलं. “काळी हाय की ही. आपलीच.” खरंच होतं. मिचेल ग्रासचा हा सगळा पट्टा भेगाळणाऱ्या चिकणमातीचा आहे; पावसात फुगते, उन्हात फाटते, अगदी आपल्या काळवटासारखी. मी त्यांना विचारलं, मग इथे झाडं का नाहीत? त्यांना विचार करावा लागला नाही. “भेगा मुळं तोडत्यात. गवताचं फावतं.” हेच नंतर मी रिचमंडच्या जीवाश्मांच्या संग्रहालयातून घेतलेल्या माहितीपत्रकात, जरा लांबवून लिहिलेलं वाचलं. मिचेल गवताची मुळं खोल जातात. वरचं सगळं वाळून काडी झालं तरी खाली जीव असतो, आणि पहिल्या पावसात बुडख्यातून हिरवं फुटतं. त्या पत्रकात हेही होतं की साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. सपाटीचं कारण एका ओळीत मिळालं. आबांना सांगितलं तर म्हणाले, “असंल. पर आत्ता पाणी कुठं हाय त्ये इचार.”

त्याआधी झाडाचं सांगते. ज्या झाडाखाली गुराखी झोपला असेल असं त्यांना वाटलं होतं, ती बाभूळ होती. आपल्यासारखी नव्हे, आपलीच. काटे, पिवळे गोंडे, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा. त्यांना ती लांबूनच ओळखू आली होती आणि म्हणूनच तिच्याखाली गुराखी असणार याची त्यांना खात्री होती. बाभळीखाली गुराखी नाही असं कुठं असतं? १८९० च्या दशकात हे झाड हिंदुस्थानातून क्वीन्सलँडमध्ये आणलं गेलं. उघड्या रानात मेंढरांना सावली होईल, दुष्काळात शेंगा खातील, असा सरळ हिशेब. जनावरांनी शेंगा खाल्ल्या, बिया शेणातून मैलोन् मैल पेरल्या, आणि झाड सुटलं ते सुटलंच. १९५७ साली त्याला उपद्रवी वनस्पती ठरवलं. आज लाखो हेक्टर गवताळ रान तिने व्यापलंय, गवत मरतं, काटेरी जाळीतून गुरं बाहेर काढणं जिकिरीचं होतं. ट्रॅक्टर लावून तिला उपटतात, औषध मारतात, पाकिस्तानातून, आफ्रिकेतून तिच्यावर पडणारे किडे आणून सोडायचेही प्रयोग झाले. हे ऐकून आबा जरा दुखावले. “कुळवाला, औताला, जळणाला बाभळीबिगर कोण हुतं आमास्नी?” मग थोडं थांबून म्हणाले, “तोडायला मानूस नसंल तर वाढणारच की.”

आणि बाभळीखाली उभी होती ती जनावरंही थोडीशी आपलीच. पांढरट-करडी, खांद्यावर वशिंड, मानेखाली लोंबणारी पोळी, मोठे पडके कान. ब्राह्मन जात. अमेरिकेत गीर, कांकरेज, ओंगोल अशा आपल्याकडच्या गुरांपासून तयार केलेली. तिच्या पूर्वजांत कृष्णाखोऱ्याच्या जातीचंही नाव घेतात, जी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्याच दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी जोपासली. इंग्लंडहून आणलेली गुरं उत्तर क्वीन्सलँडच्या उन्हाने आणि गोचिडांनी हैराण व्हायची, म्हणून १९३३ मध्ये ब्राह्मन इथे आणली. कातडी सैल, घाम येतो, गोचीड फारसा धरत नाही. हे सगळं मी आबांना रंगवून सांगितलं. मला वाटलं, त्यांना भरून येईल. त्यांनी फक्त विचारलं, “दूध किती?” मी म्हटलं, दूध काढतच नाहीत, मांसासाठी असतात, दूध वासरं पितात. “सगळं?” सगळं. “चारी सड?” चारी सड. हे मात्र त्यांना इतकं पसंत पडलं की दिवसभर मधूनमधून ते स्वतःशीच हसत होते.

ज्युलिया क्रीकला पाण्याचा उलगडा झाला. तिथल्या कॅरॅव्हॅन पार्कात आर्टेशियन पाण्याच्या न्हाण्या आहेत. पत्र्याच्या खोलीत टब, समोरची झडप उघडली की उघडं रान, आणि नळाला जमिनीखालून येणारं गरम पाणी. किंचित गंधकाचा वास, अंगाला बुळबुळीत. आबा आत शिरले ते बाहेर येईनात. आतून हरिपाठाचे अभंग ऐकू येऊ लागले तेव्हा आम्ही काळजी करायचं सोडलं. बाहेर आल्यावर लाल झालेल्या चेहऱ्याने विचारलं, बंब कुठे लावलाय? बंब जमिनीच्या पोटात आहे. ग्रेट आर्टेशियन बेसिन, ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भूभागाखाली, सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर पसरलेला साठा. किती खोलून येतं त्यावर पाण्याचा ऊनपणा. काही बोअरचं पाणी जवळजवळ उकळतं निघतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे पाणी सापडलं आणि हा मुलूख गुरांचा झाला. सुरुवातीला बोअर उघडे सोडून द्यायचे, मातीच्या चरांतून पाणी मैलच्या मैल वाहायचं, बहुतेक उडून आणि मुरून जायचं, आणि जमिनीखालचा दाब उतरत गेला. आता बोअरला तोंडं बसवून पाइपने पाणी नेतात. आबांना हा इतिहास अगदी तोंडपाठ असल्यासारखा कळला. आमच्याकडे पाचशे-सहाशे फुटांवर गेलेल्या बोअरना कुणी तोंड बसवत नाही, एवढाच फरक.

तिथल्याच एका बाईने आम्हाला समजावलं की गुरं कुठेही हिंडत नाहीत. इतक्या मोठ्या रानातही ती पाण्याभोवती बांधलेली असतात. टाकीपासून काही किलोमीटर चरत जायचं आणि परत प्यायला यायचं. पाणी जिथे, तिथे गुरं. ज्या भागातलं गवत वाचवायचं तिथलं पाणी बंद करायचं. म्हणून या लोकांची रोजची खरी फेरी गुरांची नसून पाण्याची असते. पंप चालू आहे ना, फ्लोट अडकलाय का, हौदात मेलेलं पाखरू पडलंय का. “म्हंजे दावं हाय,” आबा म्हणाले. “दिसत न्हाई एवढंच.”

मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. पण त्याच बाईने पुढे २०१९ चं सांगितलं.

कित्येक वर्षांचा दुष्काळ होता. जानेवारी सरता सरता पाऊस आला तेव्हा लोक बाहेर येऊन भिजले. मग तो थांबेना. आठवडाभराहून जास्त काळ कोसळत राहिला, वर गार वारा. या सपाटीत पाण्याला उतार नसतो. नद्या काठ सोडून मैलोगणती पसरल्या. दुष्काळाने हाडं निघालेली जनावरं वाऱ्याकडे पाठ करून चालत राहिली, चालत चालत कुंपणाला जाऊन थटली आणि तिथेच एकमेकांना चिकटून गारठून मेली. पाच लाखांच्या आसपास जनावरं गेली असा अंदाज निघाला. पाणी ओसरल्यावर हेलिकॉप्टरने चारा टाकायला गेलेल्यांना तारेच्या रेषा लांबून काळ्या दिसत होत्या, असं ती म्हणाली. सांगताना तिने हातातला टॉवेल घडी करून परत उलगडला, परत घडी केली. तिच्या भावाने नंतर बरेच दिवस बंदूक घेऊन फिरून उरलेल्या अर्धमेल्यांची सुटका केली. “तो आता गुरं पाळत नाही,” एवढंच म्हणून ती बिलाकडे वळली.

मी हे आबांना मराठीत सांगत गेले. ते ऐकत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडे आलं होतं की पाणी. सांगलीला आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि मी ब्रिस्बेनमध्ये रात्रभर फोन लावत बसले होते. लागत नव्हता. नंतर कळलं, आबांनी पाणी वेशीत यायच्या आधीच दावी सोडली आणि जनावरं हाकत उंचावरच्या डांबरी रस्त्यावर नेली. बोट आली तेव्हा गाई सोडून येणार नाही म्हणाले, ताडपत्रीखाली तिथेच राहिले. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. दोन गाईंसाठी जीव धोक्यात घालतो माणूस? ज्युलिया क्रीकच्या त्या ऑफिसात उभी असताना मी हिशेब करत होते की ज्याच्याकडे दोन हजार असतील त्याने काय करायचं. किती दावी सोडायची? दावं दिसत नसेल तर ते सोडायचं कसं? राखायला घातलेलं कुंपणच अंगावर आलं होतं, आणि त्यात कुणाचा आळस नव्हता, लोभही नव्हता. आकारच एवढा मोठा आहे या सगळ्याचा की माणसाचा हात पोचत नाही.

आबा काही बोलले नाहीत. रात्री कॅरॅव्हॅनमध्ये त्यांनी गावाकडे चुलतभावाला फोन लावून गाईंची चौकशी केली, नेहमीपेक्षा बराच वेळ.

क्लॉनकरीच्या पुढे डोंगर आले, लाल, खडकाळ, माउंट आयझाची धुरांडी आली आणि दोन्ही लवकरच मागे पडले. कॅमूविलच्या अलीकडे एका रोडट्रेनने आम्हाला ओलांडलं. ५३.५ मीटरपर्यंत लांबीची ही वाहनं. एक ट्रक आणि मागे तीन ट्रेलर, गुरांची असतील तर प्रत्येक ट्रेलर दुमजली. रेडिओवर आवाज आला, “कॅरॅव्हॅन, मी येतोय रे उजवीकडून.” नवऱ्याने वेग कमी केला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. आधी हवेचा धक्का, कॅरॅव्हॅन बाहेर ढकलली गेली. मग खेच, तिच्याकडे ओढली गेली. आणि त्या सगळ्या वेळात खिडकीबाहेरून शेणामुताचा तोच गोठ्यातला वास, आणि पट्ट्यांमधून डोळे, नाकं, डोळे, नाकं. आबांनी बोट उचललं.

तीच गाडी पुढे पेट्रोल पंपाशी उभी होती. चालक, गुडघ्यापर्यंत मोजे आणि अर्धी चड्डी, हातात लांब काठी घेऊन एकेका कप्प्यात डोकावत चालला होता. आबा त्याच्या मागे. मी धावले, कारण अनोळखी माणसाच्या गाडीला कुणी हात लावलेला चालतो की नाही कुणास ठाऊक. एका कप्प्यात एक गाय खाली बसली होती आणि बाकीच्या तिच्यावर पाय देत होत्या. चालकाने काठीने तिला टोचलं, हाका मारल्या, ती उठेना. तेव्हा आबांनी पट्टीतून हात आत घालून तिची शेपूट मुळाशी धरून पिरगळली आणि तोंडाने असा काही आवाज काढला की मी तो तीस वर्षांत ऐकला नव्हता. गाय उठली. चालक मोठ्याने हसला. मग दोघं मिळून उरलेले कप्पे बघत गेले. एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता आणि काही अडलंही नाही. जनावर खाली बसलं की तुडवलं जातं, म्हणून दर काही तासांनी थांबून हे बघावंच लागतं, असं त्याने मला सांगितलं. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, “ह्यो बग. गावला गुराखी.”

मी विचारलं, कुठे नेतोय. डार्विनला, बंदरावर, पुढे बोटीने. मला वाटलं, हे आबांना सांगू नये. मग सांगितलं, कारण त्यांना फसवता येत नाही. माळकरी माणूस, पण शेतकरी. “आमीबी बाजार दावलाय की,” ते म्हणाले. “जाताना तरी नीट ऱ्हावीत.” कानातले बिल्ले त्यांनी नीट निरखले. घरच्या गाईंच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे, सरकारने मारलेला; त्यामुळे त्यात त्यांना नवल वाटलं नाही. त्या संध्याकाळी नवऱ्याने रोडहाऊसमधून स्टेक सँडविच आणलं. नेहमी मी अर्धं मागते. त्या दिवशी भूक नाही म्हटलं, आणि आबांनी थापलेली भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र अर्धं मागितलं.

कॅमूविलला जुन्या ड्रोव्हर, म्हणजे कळप पायी हाकत नेणाऱ्या, लोकांच्या आठवणींचं एक संग्रहालय आहे. ट्रक यायच्या आधी हीच गुरं पायी जायची. हजार-बाराशेचा कळप, दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर, महिनोन् महिने. रात्री कळप बसला की एकजण घोड्यावरून त्याच्याभोवती संथ फेऱ्या मारायचा आणि गात राहायचा. काहीही गायचा, सूर असो-नसो. गुरांना माणसाचा आवाज सतत ऐकू येत राहिला की ती एखाद्या काटकीच्या आवाजाने बिथरून उधळत नाहीत. आबांनी हे ऐकून मान डोलावली, त्यांना त्यात काही नवीन वाटलं नसावं.

पण संग्रहालयांतल्या फोटोंत टोप्यांखाली निम्मे चेहरे काळे असतात, इथल्या आदिवासींचे, आणि नावं फार थोड्यांची लिहिलेली असतात. हा सगळा मुलूख त्यांचा होता. कॅमूविलच्या भोवतीचा इंजालंजी-धिधानू लोकांचा. जमीन गेल्यावर तिच्यावरची गुरं राखायला तेच राहिले, पीठ, चहा, साखर, तंबाखू आणि थोडं मांस यांवर. पगार नाही, किंवा नावाला. १९६६ च्या ऑगस्टमध्ये इथून बऱ्याच लांब, वेव्ह हिल स्टेशनवर, म्हणजे गुरांच्या एका अवाढव्य मळ्यावर, व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागे गुरिंजी लोक काम सोडून चालत निघाले. मागणी पगाराची वाटत होती, होती जमिनीची. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या हातात माती ओतली, तो फोटो इथल्या पोरासोरांना माहीत असतो. फोटोच्या बाहेरचं कमी सांगतात. १९६८ च्या अखेरीस काळ्या-गोऱ्या गुराख्यांना सारखा पगार लागू झाला आणि कित्येक स्टेशनांनी त्यांना कुटुंबांसकट वाटेला लावलं. त्यांच्या जागी हेलिकॉप्टर, ट्रक, पाइपलाइन आल्या. त्या बाभळीखाली गुराखी का नव्हता, त्यालाही एक इतिहास आहे. मी तो आबांना सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, “मग ती मान्सं गेली कुठं?”

बार्कली पठारावर वेगमर्यादा १३० आहे आणि बघायला काही नाही, असं लोक म्हणतात. रस्ता अलेक्झांड्रिया नावाच्या स्टेशनच्या हद्दीतून जातो. सुमारे १६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे सांगली जिल्हा जवळजवळ दोनदा मावेल. एका मालकीचं. आबांनी बराच वेळ बोटांची पेरं मोजली आणि नाद सोडून दिला. लांब धुळीचा लोट दिसला, त्यावर घिरट्या घालणारं बारकंसं हेलिकॉप्टर. गुरं गोळा करत होते. खाली उतरून, पुन्हा चढून, एखाद्या चुकार खोंडाच्या मागे वळून. आबा म्हणाले, “कुत्रं बरं.”

टेनंट क्रीकला डिझेलसाठी थांबलो. दुकानाबाहेरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता, रुंद कडेची टोपी, उंच टाचांचे बूट, गुडघ्याला पट्टा. आबा त्याच्या शेजारी जाऊन बसले. सावली तेवढीच होती. मी पाणी द्यायला गेले तर मला दुभाषी करून टाकलं. म्हातारा पोरवयात बार्कलीच्या स्टेशनवर लागला होता. घोडे शिकवायचा, गुरं हाकायचा. मोबदला? पीठ, चहा, साखर. हे तो तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. बुटाच्या टाचेने जमिनीवर एक रेघ ओढत बोलत होता. काम आवडायचं, म्हणाला, काम चांगलं होतं. मग पगार आला आणि काम गेलं.

दोघांचं जमलं ते मात्र वेगळ्याच विषयावर. खोंडाला नमवायचा कसा. आबांनी वेसण घालायची रीत हाताने करून दाखवली, म्हाताऱ्याने दोराने मागचा पाय कसा अडकवून पाडतात ते. मग त्याने विचारलं, “तुझी किती आहेत?”

आबांनी दोन बोटं वर केली.

“दोन हजार?”

“नाही, दोन,” मी म्हटलं.

म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. खोकला थांबल्यावर म्हणाला, नावं सांग त्यांची. आबांनी सांगितली, चंद्री आणि हौशी. त्याने दोन्ही नावं म्हणून बघितली. मग आबांनी मोबाइल काढला, चुलतभावाने पाठवलेला हौशीचा फोटो दाखवला. गाभण आहे, दिवस भरत आलेत. म्हाताऱ्याने फोन हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला, कासेवर बोट ठेवलं. सहा आठवडे अजून, म्हणाला. आबा म्हणाले, हॅट्, चारच. म्हाताऱ्याने शेपटीच्या मुळाशी बोट दाखवून सांगितलं, हे बघ, इथे अजून सैल झालेलं नाही. आबा म्हणाले, फोटो जुना आहे, गेल्या रविवारचा. डिझेल भरून कधीच झालं होतं, मागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या आणि नवरा हॉर्न वाजवत होता. दोघांपैकी एकही ऐकायला तयार नव्हता.